मुखपृष्ठ कोणाचं?

दिवाळी अंकांची मुखपृष्ठं बाहेर पडू लागली की दर वर्षी तोच वाद नव्याने सुरू होतो. एक बाजू म्हणते, दलाल-मुळगावकर या चित्रकारांनंतर मराठीतलं चित्र संपलं, आता उरले ते नटीचे फोटो आणि विकत मिळणारी तयार चित्रं. दुसरी बाजू म्हणते, तुम्ही मागे राहिलात, फोन उघडा आणि बोट फिरवा, जगातलं उत्तमोत्तम काम तुमच्या तळहातावर आहे. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलतात, आणि तरीही वाद जागचा हलत नाही, कारण तो चुकीच्या मुद्द्यावर चाललेला आहे. आज चांगली चित्रं होतात की नाही, याचं उत्तर सोपं आहे: होतात, पुष्कळ होतात. अडचण त्याच्या पुढे आहे. एखादं चित्र मनात घर करतं तेव्हा त्या चित्रापासून त्याच हाताच्या दुसऱ्या चित्रापर्यंत जायची वाट आपण ठेवली आहे का? ती वाट चित्रकाराच्या नावातून जाते, आणि मराठीत ते नाव छापील पानावरूनही गळतं आहे आणि पडद्यावरूनही. समकालीन चित्रकला आणि मांडणीतलं प्रेरणा देणारं काम शोधायचं असेल तर शैली शोधणं सोडून माणसं शोधायला हवीत, आणि छापणाऱ्यांनी ती सापडतील अशी सोय करायला हवी.

जुन्या काळाचा आधार घेणाऱ्यांचं म्हणणं आधी नीट ऐकू. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात वर्षातून एकदा चित्रांचा मोठा ऐवज येऊ लागला. दीनानाथ दलाल (1916–1971) आणि रघुवीर मुळगावकर (1918–1976) यांची चित्रं लोक अंकातून काढून चौकटीत लावत. चित्राला एवढं प्रेम आज मिळत नाही, हे मान्यच आहे. पण ते का मिळालं? चित्राच्या कोपऱ्यात सही होती. वाचकाला हात ओळखता येत होता. पुढच्या वर्षी कुठला अंक घ्यायचा हे तो सही पाहून ठरवू शकत होता. शिवाय 1945 साली दलालांनी ‘दीपावली’ स्वतःच काढला. चित्रकारच संपादक, त्यामुळे कुठल्या पानावर किती जागा चित्राला आणि किती मजकुराला, हे ठरवणारा माणूस रंगांची भाषा जाणणारा होता. दलालांच्या काळाकडून शिकायचं तर हे शिकायला हवं. त्यांच्या रंगछटांची नक्कल करून काहीही हाती लागणार नाही. आणि एक गोष्ट दुःखाने नोंदवावी लागते: त्या काळाची आठवण काढत जी चित्रं व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यातल्या कितीतरी चित्रांची सही चौकोनी कापणीत गेलेली असते. भारतीय कायद्यात चित्राचा प्रताधिकार चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, म्हणजे दलालांचं काम 2031 च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. पण कायद्याचं राहू द्या. ज्याच्यासाठी हळहळतो, त्याचं नावच आपण कापून टाकावं?

आता फोनवाल्यांचा मुद्दा. तो जास्त बळकट आहे. पूर्वी ‘ग्राफिस’सारखं झुरिकहून निघणारं चित्र-मांडणीचं नियतकालिक किंवा त्याची वार्षिकं पाहायची तर मोठ्या शहरातल्या कलाशाळेच्या ग्रंथालयात जावं लागे. आज उदगीरच्या किंवा सावंतवाडीच्या मुलीला तेवढंच, किंबहुना अधिक, काम फुकट पाहायला मिळतं. हा फरक क्षुल्लक नाही, आणि ज्यांना ती ग्रंथालयं सहज मिळाली त्यांनी त्याला नाक मुरडू नये. पण त्या जुन्या वार्षिकांत एक गोष्ट होती जी फोनवर नाही. प्रत्येक चित्राशेजारी चित्रकार, कलादिग्दर्शक आणि काम करून घेणारी संस्था यांची नावं असत, आणि शेवटी नावांची सूची. एखादी जाहिरात आवडली की सूचीतून त्याच माणसाची आणखी दोन कामं निघत, आणि ज्याने ती करून घेतली त्या कलादिग्दर्शकाने इतर कोणाकडून काय करून घेतलं तेही. पिंटरेस्टसारख्या ठिकाणी एका चित्राखाली ‘अशीच आणखी’ म्हणून जी चित्रं येतात ती बरीचशी दिसण्यातल्या साम्यावर निवडलेली असतात. निळं आणि नारिंगी पाहिलंत की आणखी निळं-नारिंगी, जलरंगातला पाऊस पाहिलात की जलरंगातले आणखी चाळीस पाऊस. सारखी दिसणारी चित्रं आणि नात्यातली चित्रं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रकार वाढतो तो आपल्यासारखं न दिसणारं काम पाहून. दिसण्याच्या साम्यावर चालणारी यंत्रणा नेमकं तेच त्याच्यापासून दूर ठेवते.

नावाचा माग काढला तर कुठे पोचता येतं? माधुरी पुरंदरे यांचं लहान मुलांसाठीचं एखादं चित्रपुस्तक घ्या. साधी, घरगुती, पुण्याच्या वाड्यांना आणि सदनिकांना ओळखणारी रेषा. दिसण्याच्या साम्यावर शोधलं तर मुलांच्या चित्रांचा ढीग मिळेल. नावावर शोधलं तर त्यांनी मराठीत लिहिलेल्या पिकासोच्या चरित्रापर्यंत पोचाल, आणि मग ती साधी रेषा किती जाणूनबुजून साधी ठेवली आहे हे कळू लागेल. वसंत सरवटे (1927–2016) यांच्या नावामागे गेलात तर ‘ललित’ची मुखपृष्ठं आणि पु. लं.च्या पुस्तकांतली चित्रं मिळतातच, पण हा माणूस पेशाने बांधकाम क्षेत्रातला अभियंता होता हेही कळतं, आणि त्यांच्या चित्रातल्या गर्दीत प्रत्येक आकृती आपापल्या जागी इतकी पक्की का उभी असते, याचा वेगळा विचार सुरू होतो. मुंबईच्या समीर कुलावूर यांचं एखादं भित्तिचित्र आवडलं तर नावावरून त्यांनी स्वतः छापलेल्या पुस्तिका सापडतात. एक शहरभर पसरलेल्या निळ्या ताडपत्रीवर आहे, एक झेरॉक्सच्या दुकानांवर. ताडपत्री आणि झेरॉक्सवाला हे विषय होऊ शकतात, ही खरी शिकवण. रंगांची निवड त्यानंतर. आणि स्वतःच चित्रकार, स्वतःच प्रकाशक, हे पाहिलं की 1945 च्या ‘दीपावली’शी त्याचं नातं आपोआप लागतं. हे नातं फक्त दिसण्यावरून कोणत्या यंत्राला लागलं असतं?

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो घेणारे बहुतेकदा स्वतः या क्षेत्रातलेच असतात. ते म्हणतात, मांडणी ही सेवा आहे. उत्तम मांडणी वाचकाला दिसतच नाही. ती मजकूर पोचवते आणि बाजूला होते. मग नावाचा हट्ट कशाला? यात तथ्य आहे. पाटीवरचा बाण वाचताना बाण कोणी काढला याचा विचार प्रवाशाने करू नये हेच बरं. पण काम नजरेआड राहणं आणि माणूस नजरेआड राहणं एकच नव्हे. 1869 साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या टाइपाचं कौतुक देशभर झालं, नाव छापखान्याचं झालं. ते ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू मुद्रणाच्या अभ्यासकांपलीकडे कोणाला माहीत आहेत? जवळच्या काळातलं उदाहरण घ्या. विंडोज 2000 पासून संगणकांवर ‘मंगल’ हा देवनागरी टंक (फाँट) आला. कार्यालयांतली पत्रं, अर्ज, आदेश त्यात टाइप झाले. तो र. कृ. जोशी (1936–2008) यांनी घडवला. सुलेखनकार, कवी, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक आरेखन केंद्रातले अध्यापक. त्यांचं अक्षर लाखोंनी वाचलं आणि त्यांचं नाव फार थोड्यांनी. याचा तोटा जोशींना झाला नाही. ते त्यांच्या वर्तुळात सन्मानाने जगले. तोटा झाला तो त्या मुलांचा, ज्यांना ‘अक्षर घडवणं’ हा एका मराठी माणसाने आयुष्यभर केलेला उद्योग आहे, हेच कधी कळलं नाही. जो पेशा दिसत नाही त्यात कोणी शिरणार कसं?

दुसरा आक्षेप परंपरेचा. वारली चित्र एका व्यक्तीचं कधीच नव्हतं. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नचित्र, सवाष्णी मिळून लिहीत, खाली सही कोणाची घालणार? हेही खरं आहे, आणि सामूहिक परंपरेवर व्यक्तीचा शिक्का मारू नये. पण आज कपांवर, साड्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर जे ‘वारली’ दिसतं ते त्या चौकातून आलेलं नसतं. दोन त्रिकोण आणि एक गोल जोडून संगणकावर तयार केलेला तो साचा असतो. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन समाजाला आणि प्रदेशाला असतं, हाताला नसतं. 1970 च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू भागात गेले आणि तिथले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (1934–2018) कागदावर चित्रं काढू लागले. म्हसे यांनी बारीक रेषांनी विणलेलं मासेमारीचं जाळं एकदा पाहिलं की तो हात पुन्हा कुठेही ओळखू येतो. गंजाडच्या मयूर आणि तुषार वायेडा या भावांची चित्रं त्याहून निराळी. या तिघांना ‘वारली शैली’ या एका शब्दात कोंबलं की परंपरेचा मान राखला जात नाही; ती गोठते. चेन्नईच्या तारा बुक्सने गोंड आणि वारली चित्रकारांची पुस्तकं हाताने स्क्रीन प्रिंट करून काढली, प्रत्येक रंग वेगळा ओढून, आणि चित्रकारांची नावं ठळक छापली. परंपरा त्यामुळे कुठे कमी झाली?

व्यक्ती पुसून फक्त शैली ठेवण्याचा शेवट काय होतो हे मार्च 2025 मध्ये सगळ्यांनी पाहिलं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने घरोघरच्या फोटोंची ‘घिबली’ या जपानी ॲनिमेशन स्टुडिओच्या शैलीतली चित्रं झाली. ज्या हिरव्यागार झाडीवर लोक भाळले होते, तशी झाडी त्या स्टुडिओसाठी काझुओ ओगा यांनी वर्षानुवर्षं पोस्टर कलरमध्ये हाताने रंगवली. त्या आठवड्यात किती जणांच्या तोंडी ओगांचं नाव आलं?

मराठीपुरता या प्रश्नाला आणखी एक कंगोरा आहे, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: अक्षर. प्रेरणेसाठी पाहिली जाणारी बहुतेक पोस्टरं आणि मुखपृष्ठं रोमन लिपीतली असतात. त्यांच्यावरून थेट देवनागरी मांडणी केली की ती ठरावीक ठिकाणी मोडते. रोमन शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवलं की ते ऐटदार दिसतं. देवनागरीत तेच केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. रोमन ओळी जवळजवळ रचता येतात; देवनागरीत वर रफार आणि वेलांटी, खाली उकार आणि जोडाक्षराची शेपटी, त्यामुळे एका ओळीचा ‘द्रू’ खालच्या ओळीच्या ‘र्की’वर आदळतो. मजकुरासाठी टंकाच्या आकाराच्या दीडपट ते पावणेदोनपट ओळींतर (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर) ठेवावं लागतं, आणि शीर्षकात प्रत्येक ओळ डोळ्यांनी पाहून सरकवावी लागते. रोमन अक्षरं एकाखाली एक उभी रचता येतात. देवनागरीत काना-मात्रा कुठे ठेवणार? मोठ्या आणि छोट्या लिपीतला फरकच आपल्याकडे नाही, म्हणून जोर देण्यासाठी वजन, आकार किंवा हाताचं अक्षर हेच मार्ग उरतात. त्यातून ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं वेगळी. टंकात ती असली तरी मजकुराची भाषा मराठी अशी नेमून दिल्याशिवाय बरेच टंक ती दाखवत नाहीत, हिंदी वळणाचीच अक्षरं उमटतात. मांडणी करणाऱ्याला वाटतं टंकात दोष आहे. दोष नसतो, भाषेचा पर्याय निवडायचा राहून गेलेला असतो.

हे सगळे प्रश्न कोणीतरी सोडवलेले आहेत, आणि त्या माणसांना नावं आहेत. कमल शेडगे (1935–2020) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी घडवलेली शीर्षकं पाहा. शिरोरेषा कुठे जाड करायची, कुठे मोडायची, कुठे शब्दाच्या अर्थासाठी वाकवायची, याची ती शाळाच आहे. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीच्या वळणांतून देवनागरीला काय देता येतं ते दाखवलं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंक घडवणाऱ्या संस्थेने ‘मुक्ता’, ‘बलू’, ‘मोदक’ हे टंक मुक्त परवान्याने दिले. ‘मुक्ता’वर गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांचं काम आहे. ‘मोदक’ सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा, आणि त्यात अक्षराच्या पोटातली पोकळी जवळजवळ मिटवूनही अक्षर कसं वाचता येतं हे अभ्यासण्यासारखं आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘पॉपिन्स’ची देवनागरी निनाद काळे यांनी केली. जॉन हडसन आणि फियोना रॉस यांच्या ‘टिरो देवनागरी’ या टंकाची तर मराठीसाठी वेगळी आवृत्तीच निघाली. गूगल फाँट्सवर प्रत्येक टंकाच्या पानावर घडवणाऱ्याचं नाव असतं. टंक उतरवून घेताना ते वाचायला किती वेळ लागतो? आणि त्या नावावर शोधलं की त्या माणसाची भाषणं, आराखडे, चुकलेले प्रयत्न मिळतात. तेवढा अभ्यास शंभर तयार पोस्टरं पाहून होत नाही.

नाव नसलेलं चित्र हाती आलं तर माग काढायची रीत अवघड नाही, पण ती उरकायची गोष्टही नाही. आधी चित्रावर कोणी चिकटवलेला मजकूर आणि कडा वगळून फक्त चित्राचा भाग कापावा. शुभेच्छांची ओळ तशीच ठेवली तर शोध त्या ओळीचा होतो. मग गूगल लेन्स आणि टिनआय या चित्रावरून चित्र शोधणाऱ्या दोन्ही सेवांवर टाकावं. टिनआयमध्ये निकाल सर्वांत जुने आधी असे लावता येतात आणि आकारानेही. सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी प्रत मूळ चित्रकाराच्या जवळची असण्याची शक्यता अधिक. वॉलपेपरची पानं आणि ‘फक्त प्रेरणेसाठी’ म्हणणारी खाती ओलांडून पुढे जावं. पुस्तकाचं चित्र असेल तर ते पुस्तकच गाठावं, कारण फोनवर दिसणारी 1080 पिक्सेलची प्रतिमा 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) छापली तर जेमतेम 9 सेंटिमीटर भरते, तर साध्या डेमी आकाराच्या मुखपृष्ठाची उंची कापणीसकट सुमारे 2,600 पिक्सेल लागते. एवढ्या लहान प्रतीत ब्रशचा कोरडेपणा, कागदाचा पोत, काळ्या शाईवर काळी रेषा, यातलं काहीच दिसत नाही. त्यावरून शिकणारा माणूस मग चित्राची फक्त रंगसंगती शिकतो. आणि प्रत्येक सापडलेल्या कामाची नोंद वहीत करावी: चित्रकार, वर्ष, कोणासाठी केलं, माध्यम, मूळ आकार. ‘कोणासाठी’ हा रकाना लोक सोडतात. तोच फार उपयोगी पडतो, कारण चांगलं काम करून घेणारा संपादक किंवा प्रकाशक एकदा सापडला की त्याच्या मागे चित्रकारांची रांग उभी असते.

नावं जपलेली ठिकाणं आपल्याजवळ आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह कितीतरी भाषांतली चित्रपुस्तकं मुक्त परवान्याने वाचता येतात आणि चित्रकाराच्या नावावर टिचकी मारली की त्याची सगळी पुस्तकं समोर येतात. चित्रकार राजीव आईप यांची पुस्तकं अशी ओळीने पाहावीत. गोष्ट बदलली की चित्राची रीत कशी बदलते याचा याहून चांगला धडा नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासूनचं संग्रहातून उघडता येतं. भोपाळहून 1985 पासून निघणारं मुलांचं मासिक ‘चकमक’ हिंदीत आहे, पण चित्रांना भाषेची अट नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं दुकानात हातात घेऊन पाहावीत. गोव्यात चित्रकार ओरिजीत सेन यांनी विद्यार्थ्यांना घेऊन म्हापशाच्या बाजाराचा चित्ररूप नकाशा मांडण्याचा प्रकल्प केला. तो पाहिला की ‘प्रेरणा’ हा शब्द पडद्यावरून उठून शुक्रवारच्या बाजारात जातो.

राहता राहिले प्रकाशक. ते म्हणतात, हजार प्रतींच्या आवृत्तीत चित्रकाराला मान देण्याची ऐपत कुठून आणायची? मानधनाचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे भांडायला हवं. पण नाव छापायला शाईचा एक थेंब लागतो. मुळात मराठीत ही चाल आहेच: शीर्षकपानाच्या मागे ‘मुखपृष्ठ’, ‘मांडणी’, ‘अक्षरजुळणी’ अशा ओळी कित्येक प्रकाशक इमानाने छापत आले. गडबड त्यानंतर होते. पुस्तक ऑनलाइन दुकानात गेलं की लेखक, पृष्ठसंख्या, वजन एवढंच तिथे राहतं. दिवाळी अंकाच्या घोषणेत पन्नास लेखकांची नावं असतात आणि ज्या चित्रावर ती घोषणा छापलेली असते त्याच्या चित्रकाराचं नसतं. पुस्तकांच्या माहितीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ओनिक्स या ठरावीक नमुन्यात चित्रकारासाठी ‘ए12’ आणि मुखपृष्ठकारासाठी ‘ए36’ असे संकेत तयार आहेत. ते भरायचे फक्त. आणि हा उपकाराचा मामला नाही. 1957 च्या प्रताधिकार कायद्याचं कलम 57 सांगतं की हक्क विकून टाकल्यानंतरही कृती आपली आहे असं म्हणण्याचा निर्मात्याचा हक्क त्याच्याजवळच राहतो. ‘पैसे दिले, चित्र आमचं’ एवढ्यावर ते नाव पुसता येत नाही.

म्हणून मागणी अगदी मोजकी आहे. मलपृष्ठावर, आयएसबीएनच्या पट्टीशेजारी, 7 पॉइंटातली एक ओळ: मुखपृष्ठ, आणि पुढे पूर्ण नाव. दुकानाच्या पानावर तीच ओळ. अंकाच्या घोषणेत तीच ओळ. ग्रंथालयाच्या नोंदीत एक रकाना. आणि वाचकाने चित्र पुढे पाठवताना कोपऱ्यातली सही न कापता पाठवावी.